वारा सुटला की जमीन गार होते, मग हवेचं काय?

रानवारा (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘वारा पडला की जमिनीची उष्णता हवेत जाणारच नाही.’ त्याखाली लगेच प्रतिसाद आला, ‘वारा असला की उष्णता उडून जाते म्हणून तर हवा गार राहते.’ दोन्ही विधानं अर्धी बरोबर आहेत आणि अर्धी चुकीची. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषयाचा बट्ट्याबोळ झाला असता, म्हणून वेगळा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

आधी जमाखर्च मांडू. स्वच्छ दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. त्यातलं काही परावर्तित होतं, बाकीचं जमीन शोषते. वरच्या हवेकडून अवरक्त प्रारण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, इन्फ्रारेड) येतं, तेही जमेलाच. खर्चाच्या वाटा चार. तापलेली जमीन स्वतः अवरक्त प्रारण बाहेर टाकते. थोडी उष्णता खाली मातीत उतरते. ओल असेल तर काही उष्णता बाष्पीभवनात अप्रकट उष्मा म्हणून, म्हणजे बाष्पात दडून, जाते. उरलेली थेट हवा तापवते.

आता मुख्य मुद्दा. जमिनीच्या अगदी वरच्या पापुद्र्यात उष्णता साठवून ठेवायला जागाच नसते. त्यामुळे जमा आणि खर्च क्षणोक्षणी जुळावेच लागतात, आणि ते जुळतात पापुद्र्याचं तापमान वरखाली होऊन. एखादी वाट अरुंद झाली की पृष्ठभाग तापतो, तापला की बाकीच्या वाटांनी जास्त उष्णता जाते, आणि हिशेब पुन्हा जुळतो. वारा ही रक्कम वाढवत नाही की घटवत नाही. कुठल्या वाटेने किती जाईल आणि त्यासाठी पृष्ठभागाला किती तापावं लागेल, एवढं तो ठरवतो.

हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. एक मीटर जाडीचा हवेचा थर पूर्ण निश्चल आहे आणि खालीवर २० अंशांचा फरक आहे असं धरलं, तर त्यातून वहनाने जेमतेम अर्धा वॅट जाईल. आणि दुपारी पलीकडे न्यायचे असतात तीनशेक वॅट! हे काम हवेतले लहानमोठे भोवरे करतात. जमिनीला चिकटलेल्या काही मिलिमीटरांत उष्णता वहनानेच सरकते, त्या थराच्या वर भोवरे ताबा घेतात: तापलेली हवा उचलून वर नेतात आणि वरची थंड हवा खाली आणून टेकवतात. वारा वाढला की भोवरे जमिनीच्या आणखी जवळ पोचतात आणि तो चिकटलेला थर पातळ होतो.

पण भोवरे वाऱ्यामुळेच तयार होतात असं नाही. एक प्रकार वाऱ्याच्या घर्षणातून येतो, दुसरा अभिसरणातून, म्हणजे तापलेली हलकी हवा आपण होऊन वर उठते त्यातून. म्हणून भर दुपारी वारा पूर्ण पडला तरी उष्णता अडकून बसत नाही. पहिलं विधान इथे फसतं. दुसरं का फसतं ते खाली चर्चेत येईलच.

---

अंगठाबहाद्दर

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

एक शंका. पाठ्यपुस्तकात सूत्र असतं की हवेत जाणारी उष्णता = हवेची घनता × विशिष्ट उष्मा × एक गुणांक × वाऱ्याचा वेग × (जमीन आणि हवा यांच्या तापमानातला फरक). मग वारा दुप्पट झाला की उष्णता दुप्पट, इतकं सरळ नाही का?

---

गणितवेडा

@अंगठाबहाद्दर, सूत्र बरोबर आहे, पण तापमानातला फरक तुमच्या हातात नाही. वारा बदलला की तोही बदलतो. आकडे घालूनच बघा.

कोरडी मोकळी जमीन घ्या. शोषलेलं ऊन ७०० वॅट, वरून येणारं अवरक्त ४००, हवा ३५ अंश. मातीत १०० वॅट जातात असं धरू. घनता, वेग वगैरे सगळं एकत्र करून एकच गुणांक ठेवू: फरकाच्या दर अंशामागे १२ वॅट. समीकरण सोडवलं की पृष्ठभागाचं तापमान ६० अंश येतं. जमीन ७०० वॅट अवरक्तात फेकते आणि ३०० वॅट हवेला देते.

आता गुणांक दुप्पट करा, २४. पृष्ठभाग ५१च्या जरा खाली येतो. हवेला मिळणारी उष्णता होते ३७५च्या आसपास. म्हणजे वाट दुप्पट रुंद झाली आणि रहदारी वाढली फक्त पाव पट.

गुणांक निम्मा करा, ६. पृष्ठभाग ७० अंशांवर, आणि हवेला २१०च्या आसपास.

यातली गंमत बघा. ६० वरून ५१ला आल्यावर जमीन ९ अंशांनी गार झाली, पण हवेला ७५ वॅट जास्त मिळाले. ते कुठून आले? पृष्ठभाग गार झाल्यामुळे अवरक्तात जाणारी उष्णता तेवढी घटली, ती हवेच्या वाट्याला आली. वाऱ्यामुळे उष्णता ‘उडून गेली’ म्हणताना ती हवेतच गेली आहे हे लोक विसरतात. अंगाला वारा लागून बरं वाटतं ही वेगळी गोष्ट, ते आपल्या कातडीचं गणित आहे.

---

कुंपणावरचा

मातीत जाणारे १०० वॅट कायम धरले, हे पटलं नाही. पृष्ठभाग गार झाला की मातीत उतरणारी उष्णताही घटेल.

---

गणितवेडा

घटेलच, आणि ती घट हवेच्या वाट्याला जाईल, म्हणजे ३७५चे आणखी थोडे वाढतील. हवेचं तापमानही ३५ला खिळून राहणार नाही. पण निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

गुणांक निम्मा करत करत शून्यापर्यंत नेता येत नाही, हेही सांगून टाकतो. वारा पूर्ण पडला तरी अभिसरणामुळे कोरड्या तापलेल्या जमिनीवर तो पाच-सहाच्या खाली फारसा उतरत नाही. रानवारा यांनी म्हटलेले दुसऱ्या प्रकारचे भोवरे ते हेच. तरी वारा पडलेल्या, कोरड्या, गडद जमिनीवर काय होतं याचा अंदाज हवा असेल तर इराणमधलं लूत वाळवंट बघा. तिथे २००५ मध्ये उपग्रहाने जमिनीचं तापमान ७०.७ अंश नोंदलं होतं. हे *जमिनीचं* तापमान आहे, हवेचं नाही. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास भेसळ होते.

---

निळावंती

उपकरणांशी रोजचा संबंध असल्यामुळे राहवलं नाही.

‘भोवरे उष्णता नेतात’ हे प्रत्यक्ष मोजता येतं. खांबावर ध्वनिलहरींवर चालणारा वायुवेगमापक बसवतात. तो सेकंदाला १० किंवा २० वेळा वाऱ्याचे तिन्ही दिशांचे वेग आणि हवेचं तापमान टिपतो. वर जाणारा झोत सरासरीपेक्षा गरम आणि खाली येणारा सरासरीपेक्षा गार असेल, तर उष्णता वर चालली आहे. अर्ध्या तासाच्या अशा हजारो नोंदींचा गुणाकार करून सरासरी काढली की वॅटमध्ये आकडा हातात येतो.

सरासरी काढण्याआधीचा कच्चा आलेख बघायला मिळाला तर जरूर बघा. दुपारी तापमानाची रेघ गुळगुळीत कधीच नसते, करवतीच्या दात्यांसारखी असते. अर्धा-एक मिनिट तापमान हळूहळू चढत जातं, मग एक-दोन सेकंदांत धाडकन खाली येतं आणि पुन्हा चढू लागतं. चढताना जमिनीजवळची हवा तिथेच रेंगाळून तापत असते. मग वरून एक झोत येतो, ती तापलेली हवा उचकटून टाकतो आणि तिच्या जागी गार हवा बसवतो. जमिनीवर अवरक्त तापमापी रोखून धरलीत तर तेच खालच्या बाजूने दिसतं. झोत आला की कोरड्या मातीचा आकडा बघता बघता उतरतो, झोत ओसरला की परत वर. ‘वाऱ्याचा वेग ताशी इतका’ असं आपण एका आकड्यात सांगतो, पण देवाणघेवाण अशी हप्त्याहप्त्याने होते.

आणि एक खटकणारी गोष्टही सांगते. सगळ्या वाटा स्वतंत्रपणे मोजल्या की बेरीज जुळत नाही. बहुतेक ठिकाणी भोवऱ्यांनी नेलेली उष्णता आणि बाष्प मिळून हिशेबापेक्षा १० ते ३० टक्के कमी भरतं. मोठे, संथ भोवरे एका खांबाच्या तावडीत सापडत नाहीत, हे त्याचं एक कारण मानलं जातं. त्यामुळे कुणी अगदी वॅटपर्यंत नेमका आकडा छातीठोकपणे सांगू लागला तर सावध राहा.

---

मातीमोल

वा, निळावंतीताई! करवतीचे दाते आवडले.

माझा प्रश्न झाडांचा. मोकळ्या जमिनीपेक्षा पिकावर किंवा जंगलावर गणित वेगळं होत असणार.

---

रानवारा (धागाकर्ता)

होय, आणि बरंच वेगळं. वाऱ्याच्या वेगाइतकाच पृष्ठभागाचा खडबडीतपणाही महत्त्वाचा. तो आकड्यात सांगायला ‘खडबडीतपणाची लांबी’ वापरतात. शांत पाण्यावर ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, मोकळ्या जमिनीवर काही मिलिमीटर, गवतावर एक ते तीन सेंटिमीटर, पिकात दहाएक सेंटिमीटर आणि दाट जंगलावर मीटरभर किंवा जास्त. लांबी जितकी मोठी, तितके त्याच वाऱ्यातून भोवरे जास्त आणि जोरकस.

मात्र इथे एक फट आहे, बऱ्याच जणांच्या नजरेतून ती सुटते. झाडाझुडपांवर आपटून वाऱ्याचा जोर जितका मोडतो तितक्या सहजपणे उष्णता सुटत नाही. जोर मोडायला नुसता हवेचा दाब पुरतो, पण उष्णतेला पानाला चिकटलेल्या त्या पातळ थरातून वहनानेच बाहेर यावं लागतं, तिथे आडवाट नाही. म्हणून उष्णतेसाठीची लांबी वेगळी आणि बरीच लहान धरतात. साधारणपणे दहावा भाग.

पानाचंही तसंच. दहा सेंटिमीटर रुंद पानावर सेकंदाला एक मीटर वारा असेल तर चिकटलेला थर सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो. वारा चौपट झाला तर तो निम्मा होतो. पानाची रुंदी चौथाई केली तरीही निम्माच. रखरखीत भागातल्या पुष्कळ झाडांची पानं बारीक किंवा चिरलेली असतात त्यामागचं एक कारण हे. वारा कमी असला तरी ती हवेपेक्षा फार तापत नाहीत.

जंगलाचं एक चांगलं उदाहरण इस्रायलमधल्या यातीर जंगलाचं. नेगेव वाळवंटाच्या कडेला, वर्षाला सुमारे २८० मिमी पावसावर लावलेलं पाइनचं जंगल. आजूबाजूच्या फिकट झुडपी जमिनीपेक्षा गडद, म्हणजे ऊन जास्त शोषणारं. पाणी जवळपास नाहीच, त्यामुळे बाष्पीभवनाची वाटही बंद. तरी जंगलाचा पृष्ठभाग झुडपी जमिनीपेक्षा गार! शोषलेली जास्तीची उष्णता ते हवेत ओतून मोकळं होतं, कारण विरळ झाडांतून वारा खेळतो आणि हवेला स्पर्श करणारं क्षेत्र प्रचंड आहे. ‘झाडं गारवा देतात’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. तिथे गार झाली ती झाडं, त्यांच्यावरच्या हवेला उष्णता जास्तच मिळाली.

---

मातीमोल

हे भारीच. आणि पाणी दिलेलं पीक असेल तर?

---

गणितवेडा

तर वाऱ्याच्या हाती दोन वाटा असतात, हवा तापवण्याची आणि बाष्पाची. कोरडा, गरम वारा ओल्या शेतावर आला तर गंमत होते. पीक हवेपेक्षा गार पडतं आणि उष्णता हवेतून पिकाकडे खाली वाहू लागते. उन्हातून मिळालेली सगळी निव्वळ ऊर्जा आणि वर वाऱ्याने आणलेली उष्णता, दोन्ही बाष्पीभवनात खर्च होतात. कोरड्या मुलखातल्या एकट्या ओलिताच्या तुकड्याला म्हणूनच अंदाजापेक्षा जास्त पाणी लागतं.

पण वारा वाढला की पिकाची पाण्याची गरज वाढतेच, असंही नाही. पान उन्हात हवेपेक्षा तापलेलं असेल आणि पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) बरीचशी मिटलेली असतील, तर वारा पान गार करतो. पानाच्या आतल्या बाष्पाचा दाब उतरतो आणि बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून उडणारं पाणी, उलट घटू शकतं. म्हणजे वाऱ्याने पाणी वाचलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सूत्र दोनदा तपासलं होतं.

---

कुंपणावरचा

दिवसाचं पुरे. रात्री वारा असला की जमीन उबदार राहते असं ऐकतो, मग तुमचं ‘वारा गार करतो’ कुठे गेलं?

---

रानवारा (धागाकर्ता)

कुंपणावर बसून नेमका दगड मारलात!

वारा गार किंवा गरम काहीच करत नाही. तो जमीन आणि हवा यांच्यातला फरक कमी करतो. दुपारी जमीन जास्त गरम, म्हणून ती गार होते. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमीन दर चौरस मीटरमागे ६०-८० वॅट निव्वळ गमावत असते. पृष्ठभाग हवेपेक्षा गार होतो, जड गार हवा तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार थर येतो. अशा वेळी वारा असेल तर तो वरची ऊब खाली आणतो.

पण रात्र ही दुपारची नुसती उलटी प्रत नाही. दुपारी फरक वाढला की अभिसरण मदतीला धावतं. रात्री फरक वाढला की गार जड हवेचा थर भोवऱ्यांचाच गळा दाबतो, कारण ती हवा वर उचलायला ताकद लागते. हा जडपणाचा अडथळा वाऱ्याच्या रेट्याच्या किती पट आहे ते रिचर्डसन आकड्याने मोजतात. तो ०.२५च्या पलीकडे गेला की भोवरे मरायला लागतात. मग वरून ऊब येत नाही, जमीन आणखी गार होते, अडथळा आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झालं की सहजासहजी थांबत नाही. म्हणून एका ठरावीक वेगाखाली रात्रीचा वारा असून नसल्यासारखा होतो, आणि त्या वेगाच्या अलीकडच्या व पलीकडच्या रात्री अगदी वेगळ्या असतात. एकीत किमान तापमान मवाळ, दुसरीत दहिवर गोठण्यापर्यंत मजल.

संध्याकाळी वारा ‘पडतो’ तोही याच कारणाने. वर दोन-तीनशे मीटरवर तो पडलेला नसतो, उलट जमिनीच्या घर्षणातून सुटल्यामुळे रात्री तिथे तो जोर धरतो. फक्त त्याचा जोर खाली पोचवणारे भोवरे उरलेले नसतात. कधीकधी मध्यरात्री हा वरचा वारा गार थर फोडून खाली येतो. तापमापीवर तेव्हा सूर्य नसताना काही मिनिटांत दोन-तीन अंशांची उडी दिसते, आणि लोकांना उपकरण बिघडलंय असं वाटतं.

फळबागांमध्ये हिमापासून बचावासाठी दहाएक मीटर उंच खांबावर मोठे पंखे लावतात, ते याच उबदार थरातली हवा खाली ओढतात. वर उबदार थर नसेल तर पंखा फिरवून काडीचा उपयोग नाही. पवनचक्क्यांचंही तसंच. पश्चिम-मध्य टेक्ससमधल्या मोठ्या पवनक्षेत्रांवर उपग्रहाने रात्री जमीन तापल्याचं टिपलं आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यावरून ‘पवनचक्क्या पृथ्वी तापवतात’ अशा आरोळ्या उठल्या. पाती उष्णता तयार करत नाहीत, वरची खाली आणतात.

---

निळावंती

रात्रीवरून आठवलं, रामदास थर राहिला की!

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला टेकलेली असणार, असंच कुणीही म्हणेल. एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवलं की मोकळ्या जमिनीवर सगळ्यात गार हवा जमिनीपासून काही सेंटिमीटर ते अर्ध्या मीटरवर सापडते, आणि तिच्याखाली पुन्हा थोडी ऊब असते. म्हणजे हलकी हवा खाली आणि जड वर, तरी थर तासन्‌तास टिकून! परदेशात यावर बराच काळ विश्वासच बसला नाही, तापमापी नीट लावली नसेल म्हणून बोळवण झाली. नंतर इतर ठिकाणीही तेच दिसलं. १९९३ मध्ये वसुदेव मूर्ती, जे. श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी प्रारणाच्या आधारे सिद्धांत मांडला. पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या गटाने जमिनीलगतच्या हवेतल्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवलं. कण प्रारणाने गार होतात आणि आपल्याभोवतीची हवा गार करतात.

धाग्याशी संबंध असा, की हा थर बघायचा तर वारा पडलेलाच हवा. जरा वारा सुटला की भोवरे सगळं ढवळून टाकतात आणि किमान तापमान मुकाट्याने जमिनीवर येतं.

---

अंगठाबहाद्दर

निळावंतीताई, यावर स्वतंत्र धागा काढाच. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अवांतर: जगभर जमिनीवरचा वारा मंदावतोय असं वाचलं होतं. खरं का?

---

गणितवेडा

काही काळ खरं होतं. उत्तर गोलार्धातल्या मध्य अक्षांशांवर १९७९ ते २००८ या काळात जमिनीलगतचा वारा ५ ते १५ टक्क्यांनी मंदावल्याचं नोंदींत दिसलं. वाढलेल्या झाडोऱ्यामुळे खडबडीतपणा वाढला, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. ऑस्ट्रेलियात बाष्पीभवन मोजायच्या उघड्या पात्रांतून उडणारं पाणी घटलं, त्यातही मंदावलेल्या वाऱ्याचा मोठा वाटा निघाला. २०१०च्या सुमारास हा कल उलटला आणि वारा पुन्हा वाढू लागला.

---

मातीमोल

शेवटचा व्यवहारी प्रश्न. पिकाच्या पाण्याचा हिशेब करायला हवामान केंद्राचा वारा तसाच वापरू का? तो १० मीटर उंचीवरचा असतो ना?

---

रानवारा (धागाकर्ता)

तसाच नको. पिकाच्या पाण्याचा हिशेब करायच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८च्या पद्धतीत २ मीटरवरचा वारा लागतो. १० मीटरवरच्या आकड्याला ०.७५ने गुणा, म्हणजे सेकंदाला ३ मीटर असेल तर २.२च्या जवळपास. हा गुणक १२ सेंटिमीटर उंचीच्या गवताच्या संदर्भ-पृष्ठभागासाठी आहे, त्यामुळे केंद्राभोवती इमारती किंवा उंच झाडं असतील तर त्यावर भिस्त ठेवू नका. आणि शक्य असेल तर चोवीस तासांची सरासरी न घेता तासातासाचे आकडे घ्या. वारा दिवसा जोरात आणि रात्री पडलेला असेल तर सरासरीत दिवसाचा वारा कमी दिसतो, आणि पाणी उडतं ते मुख्यतः दिवसाच.